छत्तीस की त्रेसष्ट?

परवा भाचीचा अभ्यास घेत होतो. दुसरीत आहे. म्हटलं, "छत्तीस लिही." तिनं झटकन ६३ लिहिलं.
"अगं, छत्तीस म्हटलं मी."
"हो मामा. छ म्हणजे सहा आधी, मग तीस."
मी काही बोलायच्या आत ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "गणितात कच्चीच आहे ती!"

मला २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर हशा पिकला. विषय थेट विधानसभेत गेला. मराठी बुडवायला निघालेत वगैरे. खोटं कशाला बोलू, ते विनोद मीही चार ग्रुपवर ढकलले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या की बाबांनो, जुने शब्द कुणी काढून घेत नाहीये, मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून ही दुसरी वाट दिलीय. ऐकायला वेळ कुणाला होता?

आपला मुख्य आक्षेप होता की हे परकं आहे, आपलं नाही. आज मला तोच पटत नाही.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. आंबे मोजताना वीस झाले की एक खडा बाजूला ठेवायची. शेवटी सांगायची, "तीन विसा न् पाच." म्हणजे पासष्ट. आधी विसा, मग वरचे सुटे. तिला कुणी इंग्रजाळलेली म्हटलं नसतं! हाताची दहा, पायाची दहा बोटं, त्यावरून वीस. माणसानं मोजणी अशीच अंगावरून उचलली. मध्य अमेरिकेतले माया लोक विसावर मोजायचे, फ्रेंच माणूस आजही ऐंशीला 'चार वीस' म्हणतो.

त्याच्याही आधी शब्द नव्हतेच, खुणा होत्या. काँगोमधल्या इशांगोला १९५० साली एक हाड सापडलं, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचं, त्यावर रांगेनं कोरलेल्या खाचा. नेमकं काय मोजलं यावर विद्वान अजून भांडतायत. आणि पाच हजार वर्षांपूर्वी इराकमधल्या उरुक शहरात तर धान्य मोजायच्या खुणा वेगळ्या, जनावरं मोजायच्या वेगळ्या. 'पाच' ही गोष्ट मेंढीपासून आणि पोत्यापासून सुटी करायला माणसाला हजारो वर्षं लागली. आपण ती सात वर्षांच्या पोरीकडून वर्षभरात मागतो.

आता आपल्या घरचा पुरावा. नाणेघाटात ट्रेकला तुम्ही गेला असाल. गुहेतल्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. बहुतेक जण तिथे सेल्फी काढून पुढे जातात (मीही दोनदा गेलो, तेच केलं). त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशोब आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आणि हिशोब आकड्यांत आहे. भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते.

तिथे शून्य नाही. दहाची खूण वेगळी, विसाची वेगळी, शंभराची वेगळी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण आहेत. ते कसे लिहिलेत? हजाराच्या खुणेला वीस जोडून वीस हजार, मग हजाराला चार जोडून चार हजार, मग शंभराला चार जोडून चारशे. मोठं आधी, लहान नंतर. सतरासुद्धा आधी दहाची खूण, मग सातची. बोलताना मात्र तेव्हाही सात आधी आणि दहा नंतर, संस्कृतात सप्तदश तसंच. म्हणजे तोंड एका दिशेनं चाललंय आणि हात दुसऱ्या, ही फारकत तेव्हापासूनची. माझी भाची त्याच फटीत अडकलीय. तिनं ६३ लिहिलं ते कच्चेपणानं नाही, कानानं जे ऐकलं ते इमानदारीनं उतरवलं म्हणून.

शेजारचा कन्नड मुलगा 'इप्पत्तोंदु' म्हणतो, वीस-एक. त्याला हा घोळच नाही. नॉर्वेत आपल्यासारखंच 'एक आणि वीस' म्हणायचे. टेलिफोन नंबर सांगताना गोंधळ होतो म्हणून १९५१ साली सरकारनं 'वीस-एक' सुरू केलं. म्हातारी माणसं नंतरही जुनंच बोलत राहिली आणि त्यांची भाषा काही मेली नाही.

एकवीस, बावीस जावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पाढ्यांची लय त्यांच्यातच आहे, 'एकोणतीस' तर मला फार आवडतो, एक कमी तीस! पण पहिल्या दोन वर्षांत 'तीस आणि सहा, म्हणजे छत्तीस' असं दोन्ही म्हणून घ्यायला कुठल्या मास्तरांचं, कुठल्या आईबापाचं काय जातं? आणि निदान दुसरीतल्या पोराला उलट्या आकड्यावरून कच्चा ठरवू नका. एकदा बसलेला तो शिक्का दहावीपर्यंत निघत नाही, मी स्वतः तो घेऊन फिरलोय.

ताईशी यावरून वाद झाला, अजून ती पूर्ण पटलेली नाही. भाचीला मी आजीचे खडे दाखवलेत, म्हणजे तसलेच अंगणातले. सध्या ती घरातल्या चपला विसानं मोजत फिरतेय.

तुमच्याकडे कुणी जुनं माणूस अजून विसानं किंवा कोडीनं मोजत असेल तर कसं मोजतात ते खाली लिहा. मला गोळा करायचंय.