रेडिएटरांतील पाण्याचा जमाखर्च

हल्लीं गांवोगांव ट्रॅक्टर झाले आहेत, आणि नांगरटीच्या दिवसांत ‘इंजिन तापलें’ ही तक्रारहि गांवोगांव ऐकूं येते. तीवर दोनच उपाय सर्रास योजिले जातात. एक, रेडिएटरांत पाणी ओतून काम पुढें रेटणें. दुसरा, तेवढ्यानें न भागल्यास मिस्त्रीकडून इंजिनाचें हेड उतरविणें. दोन्ही उपाय नाडी न पाहतां औषध देण्यासारखे असून, पहिल्यानें इंजिन जातें व दुसऱ्यानें पैसा जातो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

महसुलाच्या वह्या लिहिण्यांत ज्याची नोकरी सरली त्यास हा प्रश्न सरळ जमाखर्चाचा दिसतो. इंजिनांत डिझेल खर्ची पडतें, पाणी पडत नाहीं. पंप तेंच पाणी इंजिनाभोंवतीं फिरवितो, आणि तें रेडिएटरांत पंख्याच्या वाऱ्यानें निवून परत जातें. म्हणून पातळी वारंवार उतरत असेल तर पाणी कोठें तरी गेलेंच आहे. आणि पातळी कायम असून इंजिन तापत असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीं. ही फोड झाली कीं अर्धें निदान झालें.

पातळी उतरत असल्यास सकाळीं थंड इंजिनावर होज पाइपांचीं टोकें, रेडिएटरचा तळ आणि पाण्याच्या पंपाखालील बारीक छिद्र पाहावें. तें छिद्र मुद्दाम ठेवलेलें असतें. त्यांतून पाणी ठिबकूं लागलें कीं पंपाचें सील झिजलें असें समजावें. बाहेर कोठेंच ओल नसेल तर इंजिनांतील ऑइल पाहावें. तें ताकासारखें पांढुरकें झालें असेल, इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल, किंवा चालू करतांच रेडिएटरांत सतत बुडबुडे येत असतील, तरच हेड गॅस्केट किंवा लायनरच्या रबरी कड्यांचा संशय घ्यावा.

सर्वांत उपेक्षित वस्तु म्हणजे रेडिएटरचें झाकण. त्याची स्प्रिंग आंत दाब राखते. दर चौरस इंचास ७ पौंड दाब असला तर साधें पाणी १०० ऐवजीं सुमारें १११ अंश सेल्सिअसवर उकळतें. वायसर कुजला कीं दाब जातो, पाणी लवकर उकळतें आणि वाफ होऊन उडून जातें. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचें हेड ऐन पेरणींत उतरविण्यांत आलें. आठ दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, वाफसा निघून गेला, आणि शेवटीं दोष निघाला तो झाकणाच्या वायसरांत!

पातळी कायम असून इंजिन तापत असेल तर प्रथम रेडिएटरच्या जाळींत बसलेला भुसा व धूळ पाहावी, मग पंख्याचा सैल पट्टा. कांटा वर चढला असून वरचा होज पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट अडकला असावा. तो काढून फेंकण्याची चाल मात्र वाईट आहे. इंजिन नेहमीं थंड राहून डिझेल अधिक जळतें व झीजहि वाढते. नवा बसवावा.

विहिरीचें व बोअरचें जड पाणी आंत क्षाराचा थर धरतें. त्यापेक्षां कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेलें कूलंट घालावें. त्यांतील औषध गंज आवरतें आणि लायनरला छिद्रें पडूं देत नाहीं. पण बहुतेक कूलंटांतील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व विषारी असतें. जुनें कूलंट जमिनीवर ओतूं नये. गुरें व कुत्रीं तें पितात. तापलेल्या इंजिनाचें झाकण कधींहि उघडूं नये, उसळत्या पाण्यानें तोंड भाजतें. तसेंच त्यांत एकदम थंड पाणी ओतूं नये, हेडास तडा जाण्याचें भय असतें.

आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक सोसायटीनें रेडिएटरचा दाब तपासण्याचा हातपंप विकत घेऊन सभासदांस वापरावयास द्यावा. थंड इंजिनावर तो रेडिएटरच्या तोंडास लावून झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब भरावा व कांटा पाहावा. कांटा उतरला तर गळती आहे हें निश्चित. झाकणहि त्याच पंपानें तपासतां येतें. आणि प्रत्येक मालकानें रोज सकाळची पातळी व घातलेलें पाणी एका वहींत मांडावें. वही व पंप यांची साक्ष झाल्यावांचून कोणीहि मिस्त्रीस हेडाच्या बोल्टास पाना लावूं देऊं नये. पेरणीचे दिवस मोजके असतात, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता इंजिन बंद आहे म्हणून थांबत नाहीं.