मोटार आपली, नकाशा कोणाचा?
द्वितीय वर्ष, कला

ज्या वस्तूचे पैसे मोजले ती वस्तू आपली, असा साधा व्यवहार आमच्या घरात आजवर चालत आलेला आहे. बैल घेतला की दावे आपल्या हाती येते. विळा घेतला की त्याला धार कोणत्या लोहाराकडून लावायची हे आपण ठरवितो. परंतु मोटारीच्या पुढच्या भागात कंपनीनेच बसवून दिलेले रस्ता दाखविणारे जे यंत्र असते, त्याला हा व्यवहार लागू पडत नाही. पैसे मालकाचे, वीज मालकाच्या बॅटरीची आणि आतला नकाशा मात्र कंपनीचा! टायर झिजतो तसा नकाशाही झिजतो. टायर बदलून मिळतो, मग नकाशा का मिळू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या घरी मोटार नाही. पण माझ्या मामांनी तीन वर्षांपूर्वी पतपेढीचे कर्ज काढून एक जुनी, २०१६ सालची मोटार घेतली, तिला पिवळी पाटी करून घेतली आणि सिन्नरहून शिर्डी, नाशिक, मुंबईचा विमानतळ अशी भाडी ते मारू लागले. विकणाऱ्याने सर्वांत अधिक कौतुक केले ते मधल्या पडद्याचे. "वरचे मॉडेल आहे, नकाशा आतच आहे, नेट लागत नाही," असे सांगून त्याने चार पैसे जास्तच लावले. मामा सातवीपर्यंत शिकलेले आणि पडदा इंग्रजी. त्यामुळे यंत्राचे जाडजूड माहितीपुस्तक माझ्याकडे आले. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. सातबारा सोडला तर बाकीचे सगळे कागद हल्ली माझ्याकडेच येतात.

त्या पुस्तकात यंत्राचे गुण पुष्कळ दिले आहेत आणि ते खोटे नाहीत. मालकांची जी चीड आहे तिचे कारण वेगळेच आहे. समृद्धी महामार्गाचे उदाहरण घ्या. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून जाणारा रस्ता. मामांच्या पडद्यावर त्यातला एक किलोमीटरही नाही. गोंद्याजवळ मोटार महामार्गावर चढली की पडद्यावरचा बाण रस्ता सोडतो आणि कोऱ्या पांढऱ्या जागेतून, जणू कोणाच्या कांद्याच्या वावरातून, निघतो. मग आतली बाई इंग्रजीत सांगू लागते की शक्य होईल तेथून मागे फिरा. ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या रस्त्यावर मागे फिरा! एकदा तर मागे बसलेल्या प्रवाशाने विचारले, "ड्रायव्हरसाहेब, तुम्हांला रस्ता माहीत आहे ना?" मामांनी वीस वर्षे ट्रक चालविला आहे. ते काहीच बोलले नाहीत, आवाज तेवढा बंद केला.

नावांची तीच गत. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावबदलाविषयी कोणाचे मत काही असो, चालकाला पाटीवरचे नाव पडद्यावर सापडले पाहिजे. वाड्यावस्त्यांची नावे तर त्यात कधी नव्हतीच. मोटार चालू असताना अक्षरे टाकता येत नाहीत, ह्या नियमाला मात्र मी दोष देणार नाही. तो जिवाच्या काळजीने केलेला आहे.

मामा कंपनीच्या अधिकृत शोरूममध्ये गेले. तेथे सांगण्यात आले, की ह्या मॉडेलसाठी नवा नकाशा आता निघत नाही. जेव्हा निघत होता तेव्हाही तो विकतच होता, आणि किंमत मामांच्या आठ-दहा भाड्यांइतकी. मग पडदाच बदला, असा सल्ला मिळाला. पण वातानुकूलन, रेडिओ आणि मागचे दाखविणारा कॅमेरा हे सारे त्याच पडद्याला जोडलेले! खिडकीची काच बदलायची म्हणून भिंत पाडावी, तसला हा प्रकार आहे.

ह्या यंत्राचा इतिहास मी जरा चाळला, तेव्हा एक गंमत दिसली. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने मोटारीसाठी असे एक यंत्र आणले. तेव्हा त्याला उपग्रहांचा आधार नव्हता. मोटार कोणत्या दिशेला वळली ते एक जायरोस्कोप सांगे आणि नकाशा म्हणजे पडद्यावर बसविण्याचा पारदर्शक कागद. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेत एटॅक कंपनीचे यंत्र आले, त्याचे नकाशे कॅसेटवर असत. १९९० साली माझ्दाच्या युनोस कॉस्मो ह्या मोटारीत उपग्रहांवरून ठिकाण ओळखणारे यंत्र कारखान्यातूनच बसवून आले. यंत्र असे दिवसेंदिवस हुशार होत गेले. पण कागद काढून दुसरा घालणे किंवा कॅसेट बदलणे ही जी मालकाच्या हातातली गोष्ट होती, ती हातातून गेली. २०२२ च्या जानेवारीत परदेशांतील अनेक जुन्या होंडा आणि ॲक्युरा मोटारींच्या पडद्यावरील घड्याळे एकाएकी वीस वर्षे मागे, २००२ सालात गेली. उपग्रहाकडून येणारा आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यापासून मोजला जातो, त्याच्याशी जाणकारांनी ह्याचा संबंध लावला. मालकांना घड्याळ हाताने नीट लावण्याचीही सोय उरली नाही, कित्येक महिने वाट पाहावी लागली.

"फोन आहे ना! मग रडता कशाला?" असे माझे वर्गमित्र म्हणतात. फोनचा नकाशा ताजा असतो हे मला मान्य आहे, आणि मामाही शेवटी तोच वापरतात. परंतु घाटात आणि आडगावांत रेंज जाते, तेव्हा आतल्या नकाशाची खरी गरज लागते. शिवाय मोटारीतले यंत्र चाकांच्या फेऱ्या मोजू शकते, वळणे ओळखू शकते. इगतपुरीजवळचा समृद्धीचा बोगदा जवळजवळ ८ किलोमीटरचा आहे. उपग्रहाचा संदेश तेथे पोहोचत नाही. फोन गोंधळतो तेथे हे यंत्र मोजून सांगू शकते, की आपण अमुक ठिकाणी आहोत. म्हणजे विद्यार्थी हुशार आहे, पण हातात क्रमिक पुस्तक दहा वर्षांपूर्वीचे! २०१४-१५ पासून फोनचाच नकाशा मोटारीच्या पडद्यावर दाखविण्याची सोय निघाली, मामांच्या मोटारीत ती नाही. आणि ती सोय कायमची समजू नये. आपल्या पुढच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींतून ती काढून टाकण्याचे अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेच आहे.

भूगोलाच्या तासाला आम्हांला भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे दाखविले होते. त्यांच्या समासात सर्वेक्षण कोणत्या वर्षी झाले ते छापलेले असते. वाचणारा लगेच ओळखतो, की नंतरचे धरण किंवा रस्ता ह्यात असणार नाही. तो नकाशा जुना असला तरी लबाड नसतो. मामांच्या पडद्यावर नकाशाचे साल शोधायला मला तीन पाने उलटावी लागली, आणि मोटार विकताना तर ते कोणी सांगितलेच नव्हते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी असे त्याचे चार विभाग आहेत. मोटारीचा आरसा, गिअर, ब्रेक ह्यांच्या पंक्तीला नकाशाही बसावा अशी माझी मागणी आहे. मोटार किती वर्षे चालेल असे कंपनी समजते, तितकी वर्षे तिचा नकाशा मिळाला पाहिजे, आणि विकताना त्याचे साल पावतीवर लिहिले पाहिजे.

मामांच्या वतीने कंपनीला पाठवायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यात विचारले आहे, की ह्या मोटारीसाठी शेवटचा नकाशा कोणत्या साली निघाला, तो आज कितीला मिळेल, आणि मिळणार नसेल तर त्याच कार्डावर दुसऱ्या कोणाचा नकाशा घालू देण्यास कंपनीची हरकत आहे काय. अर्ज मराठीत आहे. उत्तरही मराठीत यावे असे मामांनी खाली मुद्दाम लिहावयास सांगितले, कारण ते त्यांना स्वतः वाचायचे आहे.