पोलीस शाळेत, शिस्त कोणाची?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतले लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि शाळेच्या सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर येऊन पडला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती यांच्या सूचना पुन्हा एकदा शाळाशाळांत पोचल्या. ‘शाळेला एक पोलीसच जोडून द्या’ ही मागणीही त्या ओघात आली. पोलीस काका, पोलीस दीदी, दामिनी पथक ही नावे आता आपल्याला नवी नाहीत. पोलीस शाळेत यावा, असेच आमचे मत आहे. मात्र त्याच्याकडे कोणते काम द्यायचे आणि कोणते मुळीच द्यायचे नाही, हे त्याने फाटकातून आत पाऊल टाकण्याआधी शाळेने ठरवलेले असावे.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न जास्त नाजूक आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या जंगलपट्टीने वर्दी बरीच वर्षे बंदुकीसह पाहिली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर सुरक्षा दलांनी शाळांच्या इमारतींतच मुक्काम ठोकले होते आणि ते हलवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. आता चित्र पालटते आहे. नक्षल चळवळ ओसरली आहे आणि दुर्गम भागातली सशस्त्र पोलीस दूरक्षेत्रे ‘दादालोरा खिडकी’सारख्या उपक्रमांतून दाखले, योजना आणि खेळाच्या साहित्यापर्यंत पोचली आहेत. दुसरीकडे, पहाटे कोणत्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर उभे राहून पाहा. सोळाशे मीटरची वेळ मोजत धावणारी पोरे आणि आठशे मीटरसाठी दम वाढवणाऱ्या पोरी दिसतील. त्यांना पोलीस व्हायचे आहे. वर्दीची धास्ती आणि वर्दीचे स्वप्न, दोन्ही एकाच वर्गात, कधी कधी एकाच बाकावर बसलेले असतात. त्यामुळे शाळेत येणारा हवालदार पहिल्या तासाला कसा बोलतो, याला इथे फार मोल आहे.

पोलिसाला जमेल अशी कामे भरपूर आहेत. वाहतुकीचे नियम आणि आरएसपी म्हणजे रस्ता सुरक्षा पथक हे तर जुनेच काम. ऑनलाइन फसवणूक आणि जुगार हे नवे. 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारात 58 कोटींना बुडवल्याच्या प्रकरणात पोलिसांचे छापे थेट गोंदियात पडले होते. मोबाइलवरचा ‘गेम’ कुठे संपतो आणि गुन्हा कुठे सुरू होतो, हे तपासाचा अनुभव असलेला माणूस आपल्यापेक्षा नेमके सांगू शकतो. केरळने 2010 मध्ये सुरू केलेली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना 2018 पासून देशभर आठवी-नववीसाठी आली. तिचे बलस्थान सातत्यात आहे. तिथे ठरावीक मुले, ठरावीक शिक्षक आणि ठरावीक पोलीस वर्षभर एकत्र काम करतात. आपल्याकडे बहुतेकदा काय होते? साहेब येतात, शाल-श्रीफळ होते, माइक दोनदा शिट्टी मारतो, चाळीस मिनिटे भाषण चालते, समूह छायाचित्र निघते, ते व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडते आणि उपक्रमाचा अहवाल वर जातो. मुलांना त्या साहेबांचे नावही आठवत नाही. मार्गदर्शन असे होत नसते.

जे काम पोलिसाकडे द्यायचेच नाही, ते म्हणजे शिस्त. वर्गात मारामारी झाली, कोणाच्या दप्तरात खर्रा सापडला, कोणी भिंत रंगवली, की ‘थांब, पोलीस काकांनाच बोलावतो’ असे आपण सहज बोलून जातो. या एका वाक्याने पोलीस काका बागुलबुवा होतो आणि शिक्षक आपला अधिकार स्वतःहून सोडून देतो. अमेरिकेने हा रस्ता चालून पाहिला आहे. तिथे शाळेत पोलीस नेमण्याची प्रथा 1950च्या दशकातली. पुढे वर्गातल्या दंग्यासाठीही मुलांना बेड्या पडू लागल्या, त्यांत कृष्णवर्णीय मुले जास्त भरडली गेली आणि 2020 मध्ये मिनियापोलिसच्या शाळा मंडळाने पोलिसांशी असलेला करारच मोडला. आपला बाल न्याय अधिनियम 2015 तर याहून स्पष्ट आहे. मूल कायद्याच्या कचाट्यात सापडले तरी त्याला गुन्हेगार म्हणून वागवायचे नाही, हेच त्याचे सूत्र. त्याच कायद्याच्या कलम 107 प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. आपल्या ठाण्यातला हा अधिकारी कोण, हे किती मुख्याध्यापकांना ठाऊक आहे?

उलट बाजूही तितकीच पक्की हवी. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी ‘आधी शाळेत चौकशी करू, संस्थाचालकांना विचारू’ हा मार्ग पोक्सो कायद्याने बंद केला आहे. माहिती न देणे हाच गुन्हा आहे. बदलापुरात शाळा गप्प राहिली आणि पोलीस ठाण्याने गुन्हा नोंदवायला पालकांना ताटकळत ठेवले, म्हणजे दोन्ही कड्या निसटल्या. ओळखीचा पोलीस असण्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो. पोक्सोनुसार मुलाचा जबाब घेताना अधिकाऱ्याने गणवेशात असू नये आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये. हे आपल्याला माहीत असेल तर आपण तसा आग्रह धरू शकतो.

सुरक्षिततेचे सगळे ओझे पोलिसावर टाकूनही चालणार नाही. सप्टेंबर 2022 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या मजितपूरच्या आश्रमशाळेची सुमारे 120 मुले क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने एकाच ट्रकमध्ये कोंबली गेली आणि काही गुदमरून बेशुद्ध पडली. तिथे गुन्हेगार शोधायला पोलीस नको होता, ‘दुसरी गाडी येईपर्यंत मुले चढणार नाहीत’ असे म्हणणारा एक शिक्षक हवा होता.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एक पानाचा ठराव करा. वर्षभर एकच पोलीस, शक्यतो मुलींसाठी महिला अंमलदार, महिन्यातून एकदा येईल. शस्त्र न घेता येईल. शिक्षेसाठी त्याला कधीही बोलावले जाणार नाही. शिक्षक सोबत नसताना तो कोणत्याही मुलाची चौकशी करणार नाही. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोरून आणि कॅमेऱ्याच्या नजरेतून हलवून मुलांना बिनदिक्कत जाता येईल अशा जागी लावा, आणि ती उघडताना समितीचा एक पालक हजर ठेवा. बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक, 112 आणि 1098 हे मदत क्रमांक प्रत्येक वर्गात रंगवून घ्या.

शिस्त ही आपली जबाबदारी आहे, ती वर्दीच्या खांद्यावर ढकलता येणार नाही. ठराव या महिन्यातच करा आणि त्याची एक प्रत पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन द्या.