नांदायला धाडण्यापूर्वी

मुलुंडच्या जकात नाक्यावर एके काळी मालमोटारींच्या रांगा लागत, आणि एड्सविरोधी प्रचाराचा सारा रोख मोटारचालकांवर व वेश्यावस्तीवर असे. २०१७ साली जकात गेली, रांगाही गेल्या. धोका रस्त्यावर असतो, घरात नव्हे, हा समज मात्र गेला नाही.

वास्तविक १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या पाहणीनेच तो खोटा ठरविला होता. गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रिया एचआयव्हीबाधित आढळल्या. पतीशी एकनिष्ठ असलेल्या विवाहिताही त्यांत होत्या. त्यांची निष्ठा त्यांच्या कामी आली नाही.

आज मुलुंडमधील एखादे बिनसलेले जोडपे वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात जाते किंवा चाळीतल्या पुढाऱ्याकडे. दारू सोडावी, पगार घरात द्यावा, अशा अटींवर समेट होतो आणि सहा महिने माहेरी राहिलेली स्त्री नांदायला धाडली जाते. मधल्या काळातील संबंधांचे काय, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. तिने निरोध मागितला तर तो संशय ठरतो. नकार दिला तर बलात्काराचा कायदा तिच्या पाठीशी नाही. २०२४ साली लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही पतीची बळजोरी बलात्काराच्या व्याख्येबाहेरच ठेवली. मग हा समेट कोणाच्या जिवावर?

तपासणीची भाषा केली तर संसार मोडेल, असे म्हणणारे अज्ञानाला संसाराचा आधार मानतात. नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातील विषाणू न आढळण्याइतके कमी झाले, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ही औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने संमती व गुप्तता बंधनकारक केली. बाधित व्यक्तीला राहत्या घरातून काढण्यास मनाई केली. तेव्हा सक्ती नको, पण मौनही नको. दोघांना स्वतंत्रपणे समुपदेशन, दोघांची संमतीने तपासणी, आणि लागण नवी असल्यास ती लगेच दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी फेरतपासणी होईपर्यंत निरोध, एवढे समेटाच्या बोलण्यात आलेच पाहिजे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली याच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हाही अब्रूचाच बाऊ केला गेला. समतेच्या घोषणा देणारा कार्यकर्ता तंटा मिटविताना तोच बाऊ करीत असेल, तर त्याची समता उंबरठ्याबाहेरच राहिली, असेच म्हणावे लागेल.