ॲपमध्ये २ अंश, तरीही रोपं का करपली?

मे महिन्याच्या सुरुवातीला न्यू जर्सीहून ताईचा मेसेज आला. घरामागच्या बागेत लावलेली टोमॅटो आणि मिरचीची रोपं एका रात्रीत काळी पडली होती. सोबत वेदर ॲपचा स्क्रीनशॉट, किमान तापमान २ अंश सेल्सिअस. "शून्याच्या खाली गेलंच नाही, मग गोठली कशी?"

खरं तर ॲप चुकलं नव्हतं. त्यातला आकडा जमिनीपासून साधारण २ मीटर उंचीवरच्या हवेचा असतो, पानाचा नाही. आकाश निरभ्र आणि वारा शांत असेल, तर जमीन आणि पानं रात्रभर उष्णता बाहेर टाकतात. थंड हवा जड, ती खाली साचते. त्यामुळे पान हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतं. महाबळेश्वर शहरात पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा लेकजवळ दव गोठतं, ते यामुळेच.

म्हणूनच अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा ३३ ते ३६ फॅरनहाइट, म्हणजे साधारण अर्धा ते २ अंश सेल्सिअसलाच 'फ्रॉस्ट ॲडव्हायझरी' देते. ताईने ॲपची नोटिफिकेशन्स बंद ठेवली होती!

हा प्रश्न फक्त परसबागेचा नाही. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये मार्चअखेर कडक ऊन पडलं, द्राक्षवेलींना लवकर कोंब फुटले आणि एप्रिलच्या थंडीत ते जळाले. वसंत जितका लवकर येतो, तितकी कोवळी पालवी उशिराच्या थंडीत सापडण्याची भीती जास्त.

मग करायचं काय? ॲपमध्ये तापमानासोबत वारा आणि ढगही बघा. ४ अंशांच्या खाली, निरभ्र आणि वारा नाही, असं दिसलं की तयारीला लागा. दुपारी मातीला पाणी द्या, ओली माती उष्णता जास्त साठवते. सूर्य मावळण्याआधी जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी पांघरा, म्हणजे मातीची ऊब आत राहते. प्लॅस्टिक असेल तर काठ्या लावा, पानांना चिकटू देऊ नका. सकाळी ऊन आलं की काढा. कुंड्या सरळ घरात घ्या.

ताईने आता नवी रोपं आणलीत. आणि हो, नोटिफिकेशन्सही चालू केलीत. तुमचं कुणी थंड देशात बागकाम करत असेल, तर त्यांना आजच विचारा, त्यांची चालू आहेत का?