रोजा झोपून काढण्यासाठी नाही

रमजान आला की उमरग्यात दोन वेळापत्रके सुरू होतात. एक कष्टकऱ्यांचे. दुकानदार, हमाल, रिक्षावाले, शिक्षक सहर करतात, फजरची नमाज पढून तासभर पडतात आणि नेहमीच्या वेळेला कामावर हजर होतात. दुसरे वेळापत्रक काही तरुणांचे. तरावीहनंतर चौकात गप्पा, मग मोबाईल, सहरपर्यंत जागरण. आणि फजरनंतर लागलेला डोळा थेट दुपारी दोन-तीनला उघडतो. जोहरची जमात झोपेत जाते. इफ्तारला चार तास उरलेले असतात आणि रोजा 'सोपा गेला' असे सांगितले जाते.

झोपल्याने रोजा तुटत नाही, हे खरे. पण भूक सोसणे, राग आवरणे, जिभेला लगाम घालणे ही सारी कामे जागेपणीची आहेत. झोपलेल्या माणसाचा संयम कसला?

म्हणून रात्र-रात्र जागणे हा उपाय नव्हे. दिवसभर रोजे आणि रात्रभर इबादत करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी थांबवले आणि शरीराचा व डोळ्यांचाही माणसावर हक्क असतो, असे समजावले. इशाच्या नमाजीआधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे त्यांना पसंत नव्हते, असेही हदीसमध्ये नोंदले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला योग साधत नाही, असेच सांगितले आहे. मध्यम मार्ग दोन्हीकडे एकच आहे.

विज्ञान याहून वेगळे सांगत नाही. प्रौढांना साधारण सात ते नऊ तास, किशोरवयीनांना आठ ते दहा तास झोप लागते. मात्र तास भरले म्हणजे झाले असे नाही. शरीरात एक घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल मिळाले. हे घड्याळ उजेड-अंधारावर चालते. त्यामुळे सकाळी सहा ते दुपारी दोन घेतलेले आठ तास रात्रीच्या आठ तासांची बरोबरी करत नाहीत. उठल्यावर डोके जड, अंग आळसावलेले राहते ते यामुळेच.

रमजानचा हिशेब अवघड नाही. तरावीह आटोपून साडेदहाला अंथरुणावर पडले आणि साडेचारला उठले तरी सहा तास होतात. फजरनंतर एक तास मिळाला की सात. दुपारी वीस मिनिटे कैलूला, म्हणजे आपल्याकडची वामकुक्षीच. ती अर्ध्या तासापुढे गेली तर उलट सुस्ती येते. या हिशेबात मोबाईलला जागा नाही, एवढीच त्याची अट.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात येतो. सकाळी अकराला पेपर असतो. महिनाभर अकरा वाजता गाढ झोपणाऱ्या मुलाचा मेंदू त्या दिवशी अचानक कसा जागा होणार? सोलापूर-हैदराबाद महामार्गावर गाडी चालवणाऱ्यासाठी तर एक डुलकीही जिवावर बेतते.

आणि सर्वांत कमी झोप कोणाची होते? घरातल्या बाईची. सहरच्या स्वयंपाकासाठी ती सर्वांआधी उठते, फजरनंतर मुलांचे डबे, दुपारपासून इफ्तारची तयारी आणि रात्री भांडी. मुलगा दोनपर्यंत झोपतो तेव्हा त्याच्या वाट्याची कामेही तिच्याच अंगावर पडतात. तिचाही रोजाच असतो. मुलांनी रात्रीची भांडी घासली, इफ्तारची फळे चिरली, तर तिला दुपारी अर्धा तास पाठ टेकता येईल. हे पुण्याचेच काम आहे.

एखादा रमजान नसतानाही रोज नऊ-दहा तास झोपून थकलेलाच उठत असेल, मोठ्याने घोरत असेल, तर त्याला आळशी म्हणून हिणवू नये. रक्ताची कमतरता, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे किंवा मनाची उदासी यांपैकी काहीही कारण असू शकते. त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

बाकीच्यांसाठी औषध साधे आहे: रात्री लवकर दिवा मालवणे आणि सकाळी रोजासह कामाला लागणे.