आंग्र्यांची गुराब कोणी बांधायची?

दिवाळीत आपल्याकडे अंगणोअंगणी मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांच्या बुरुजांवर तोफा मांडल्या जातात, पायथ्याशी मावळे उभे केले जातात. परंतु शेजारी पाण्याची परात ठेवून तीत एखादी गुराब सोडलेली क्वचितच आढळते. सागरकाठच्या प्रदेशाला ही उदासीनता शोभणारी नाही.

येथे आपट्यास माझ्या एका विद्यार्थ्याने दोन वर्षे खपून ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेची प्रतिकृती तयार केली. मूळ नौका १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. प्रतिकृतीचे प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. या प्रमाणात आठ फुटी तोफ दोन इंचांची होते आणि इंचाच्या सोळाव्या भागाची चूक मूळ तोफेत तीन इंचांची ठरते. म्हणून तोफेचे कान, गाडा, मागे उसळणारी तोफ आवरणारे दोर, सारे त्याने मोजून केले. हे साधले, कारण इंग्रजी आरमाराने आपल्या नौकांचे आराखडे जपले. “आता आंग्र्यांची गुराब कर,” असे मी सुचविले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, “सर, आराखडा?” मजपाशी उत्तर नव्हते.

हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे कोणी म्हणेल. वस्तुतः युद्धनौका हा राज्याचा जमाखर्चच होय. लाकूड, लोखंड, दारूगोळा आणि माणसे यांचा मेळ तीत घालावा लागतो. ‘बलाढ्य आरमार’ हे विशेषण भाषणात खपते. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र तोफ कोठे बसवायची हे ठरवावेच लागते.

पुरावा अगदीच नाही असे नाही. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार ऑर्म याने गुराबेचे वर्णन केले आहे. दीडशे ते तीनशे टनांची ही नौका नाळेवरून समोर मारा करणाऱ्या, नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा वाहत असे. म्हणजे शत्रूचा पाठलाग करतानाच तिला गोळे डागता येत. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत आंग्रेकालीन गोदीचे अवशेष आहेत. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाखालील आंग्र्यांचे आरमार जळाले. बांधणीचे ज्ञान कागदावर नव्हे, सुतारांच्या हातांत होते. त्यांचे वारसही आता थोडेच उरले आहेत.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. अजिंठ्याच्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांची ‘कौंडिण्य’ ही नौका सिद्ध झाली आणि २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झाली. तिचाही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. चित्र, कारागिरांचे कौशल्य आणि आधुनिक चाचण्या यांतून ती साकारली.

मग कोकणातील एखाद्या महाविद्यालयाने एक गुराब का करू नये? इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागद वाचावेत, गणिताच्या विद्यार्थ्याने भार काढावा, खाडीकाठच्या जुन्या सुताराला मानधन देऊन गुरुस्थानी बसवावे. जेथे पुरावा आहे तेथे पुरावा आणि जेथे अदमास आहे तेथे अदमास, असे शेजारच्या पाटीवर स्पष्ट लिहावे. पूर्वजांच्या पराक्रमाची पोकळ स्तुती करण्यापेक्षा हा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा आहे. सुतार गेल्यावर विचारायचे कोणाला?